शिक्का मारणाऱ्या हाताला जाब

महाराष्ट्रातून, सीमाभागातून व याच शहरातून बेंगळुरूच्या इंदिरानगरात जमलेल्या माझ्या मराठी वकील बंधुभगिनींनो,

 यंदाचा आपला विषय आहे ओळखीची फसवणूक आणि तिची शिक्षा. या शहरात तो मांडायचा, तर सुरुवात एका खटल्यापासूनच करावी लागते.

चेंबूरचा फरारी गुंड राजेंद्र निकाळजे, म्हणजेच छोटा राजन, ऑक्टोबर 2015 मध्ये इंडोनेशियातल्या बाली बेटावर पकडला गेला. त्याच्या पासपोर्टवर नाव होते मोहन कुमार. हा पासपोर्ट कुठल्या चोरट्या छापखान्यातला नव्हता. 1998-99 मध्ये तो बेंगळुरूच्या पासपोर्ट कार्यालयातूनच निघाला होता. कागद सरकारी, शिक्का सरकारी, नाव तेवढे खोटे. 25 एप्रिल 2017 रोजी दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने त्याला सात वर्षांची कैद सुनावली. त्याच्याबरोबर पासपोर्ट कार्यालयातल्या तीन निवृत्त कर्मचाऱ्यांनाही तितकीच, सात वर्षांची.

वर्तमानपत्रांचे मथळे छोटा राजनने व्यापले. माझ्या लेखी त्या निकालाचे मोल त्या तिघांच्या शिक्षेत आहे. फरारी गुन्हेगार नाव लपवणार, हे उघड आहे. त्याला अडवायला म्हणूनच आपण टेबलाशी माणूस बसवतो आणि त्याच्या हाती शिक्का देतो. तोच हात विकला गेला, तर पुढच्या साऱ्या पडताळण्या त्या शिक्क्यावर विसंबून माना डोलावतात. न्यायालयाने त्या हाताचा दोष कमी लेखला नाही.

आता कायद्याची पाने उलटू. पासपोर्ट कायदा 1967 चा. त्याच्या बाराव्या कलमात खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आधार कायद्याचे 34 वे कलम जिवंत वा मृत, खऱ्या वा काल्पनिक व्यक्तीचे सोंग घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत, ठकवून मालमत्ता मिळवण्याला सात वर्षांपर्यंत, आणि मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीला थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एकाच कृत्याला पाच हजारांच्या दंडापासून जन्मठेपेपर्यंतची वाट मोकळी! या दोन टोकांमध्ये न्यायाधीशाने कुठे थांबावे, हे सांगणारी मार्गदर्शक तत्त्वे आपल्याकडे नाहीत. अशी तत्त्वे ठरवण्यासाठी कायद्याने समिती नेमावी, असे न्यायमूर्ती मळीमठ समितीने 2003 मध्येच सुचवले होते. हे न्यायमूर्ती कर्नाटक उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. इंग्लंडमध्ये शिक्षा ठरवण्याची परिषद 2010 पासून काम करते आहे. आपल्याकडे ती शिफारस कागदावरच राहिली.

तत्त्वे नसली की काय होते, ते कल्याणकारी योजनांत अधिक दिसते. आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. गरिबाचे पैसे मधल्यामध्ये कुणी खाऊ नयेत, ही त्यामागची आशा होती. पुढे महाराष्ट्रात 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिलांना महिन्याला 1500 रुपये देणारी. जुलै 2025 मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केले की सुमारे 26.34 लाख लाभार्थी अपात्र आढळले आहेत आणि काही ठिकाणी पुरुषांनीही अर्ज केले आहेत.

इथे मला दोन शब्द वेगळे ठेवायचे आहेत: अपात्र आणि अपराधी. एका घरातल्या तिसऱ्या बाईने अर्ज भरला, किंवा आधीच दुसऱ्या योजनेचा लाभ घेणारीने भरला, तर ती अपात्र. तिचे पैसे थांबवा, गरज पडली तर वसुली करा. दुसऱ्याच्या आधार क्रमांकावर बाईचे सोंग घेऊन पैसे उचलणारा पुरुष मात्र अपराधी. आणि लोकांची कागदपत्रे गोळा करून, नावे बदलून ढिगाने अर्ज भरणारा दलाल, त्याला साथ देणारा कर्मचारी, हे सर्वांत मोठे अपराधी. चावडीवरच्या चर्चेत हे सारे एकाच पारड्यात टाकले जातात. निकालपत्रात तसे होता कामा नये.

या इंदिरानगरातच पाहा. बंगल्यांत, इमारतींत रोज कामाला येणाऱ्या बायांना काम धरताना आधारची झेरॉक्स द्यावी लागते, खोली भाड्याने घेतानाही द्यावी लागते. ती प्रत पुढे कुणाच्या हाती जाते, हे त्यांना कोण सांगणार? उद्या त्यांतल्या एकीच्या नावावर भलत्यानेच लाभ उचलला, तर रांगेत उभी राहून 'मीच ती' हे तिलाच सिद्ध करावे लागते. खोट्या नावाने मिळवलेला प्रत्येक लाभ खऱ्या नावाच्या माणसाच्या दारात संशय होऊन परततो. हे नुकसान दंडाच्या रकमेत मोजता येत नाही, पण शिक्षा ठरवताना ते मोजलेच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे तीन वाक्यांत सांगते. शिक्षा ठरवताना पहिल्यांदा पाहावे, शिक्का कुणाच्या हाती होता. मग पाहावे, ज्याचे नाव वापरले त्याने काय गमावले. आणि ज्याने गरजेपोटी पहिल्यांदाच चूक केली व पैसे परत केले, त्याच्यासाठी 1958 चा परिवीक्षा कायदा आहे, त्याचा लाभ न मागता द्यावा.

मित्रहो, फिर्यादीच्या बाजूने उभे राहाल, तेव्हा दलालापाशी थांबू नका. तपास टेबलापर्यंत न्यायचा आग्रह धरा. बचावाच्या बाजूने उभे राहाल, तेव्हा अपात्र बाईला अपराधी ठरू देऊ नका. आणि आपल्या पक्षकाराला निकाल त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय त्याची फाईल मिटू नका. एवढे आपण आजपासून करावे, ही विनंती करून मी माझे भाषण संपवते.