मेल येत नाही? आधी वाट तपासू या



मागच्या दिवाळीआधी आमच्या बचत गटाला 40 किलो चकलीची मागणी मेलवर आली होती. ती आम्ही वाचली बारा दिवसांनी. तोवर गिऱ्हाईकाने दुसरीकडून माल उचलला होता. कॉम्प्युटर चालू होता, पण मेल उघडत नव्हता. "हा लिनक्सवाला आहे, यावर मेल चालत नसेल," असं म्हणून आम्ही त्यावर कापड टाकून मोकळ्या झालो. चूक लिनक्सची नव्हती, न तपासण्याची होती.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. तिची सुरुवात 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने केली. आमच्या कॉम्प्युटरवर तिचाच उबुंटू हा प्रकार आहे. तो फुकट मिळतो.

विहिरीवरचं पाणी घरात आलं नाही, तर आपण आधी मोटर बघतो, मग पाइप, मग नळ. मेलचंही तसंच आहे.

पहिलं, जोडणी. पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात क्लिक करा, वाय-फाय निवडा आणि आपल्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव शोधून पासवर्ड घाला. फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तरी चालतं.

दुसरं, नेट खरंच येतंय का? कंट्रोल, आल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबा. टर्मिनल उघडेल. घाबरू नका. तिथे इंग्रजीत पिंग लिहा, पी-आय-एन-जी. एक जागा सोडून 8.8.8.8 लिहा आणि एंटर दाबा. ओळीमागून ओळ आली आणि प्रत्येकीत वेळ दिसली, तर नेट आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी.

तिसरं, आता आकड्यांऐवजी गूगल डॉट कॉम लिहून तेच करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, असं झालं तर नावावरून नंबर शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. फोन चालू, पण नंबरांची वही हरवली, तसं हे. आमचं घोडं इथेच अडलं होतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही4 मध्ये जा, डीएनएसचं ऑटोमॅटिक बंद करून 8.8.8.8 लिहा, अप्लाय करा आणि वाय-फाय एकदा बंद-चालू करा.

जुन्या कॉम्प्युटरवर तारीख आणि घड्याळही बघा. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि मग सुरक्षित मेल जोडला जात नाही.

चौथं, मेल. थंडरबर्ड उघडा, गटाचं नाव, मेलचा पत्ता आणि पासवर्ड भरा. बाकीचं बहुतेक ते स्वतःच शोधतं. जीमेल असेल तर गूगलची खिडकी उघडते, तिथे परवानगी द्यायची. आयमॅप की पॉप असं विचारलं तर आयमॅप निवडा. आयमॅपमध्ये मेल मूळ जागीच राहतो, त्यामुळे कॉम्प्युटरवरही दिसतो आणि फोनवरही. पॉप मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, आणि तसं ठरवलेलं असेल तर तिकडून काढूनही टाकतो. आकडे हाताने भरायची वेळ आलीच, तर जीमेलसाठी येणाऱ्या मेलला 993 आणि जाणाऱ्याला 465.

आणखी एक. आमच्या मेलचा पासवर्ड फक्त कॉम्प्युटरमध्ये साठवलेला होता, कुणालाच पाठ नव्हता. नाहीतर तो मेल आम्ही त्याच दिवशी फोनवर वाचला असता. आता पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असतो, आणि लिहिलेला कागद गटाच्या पेटीत कुलपात. आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की मेल उघडून सगळ्यांसमोर वाचायचा, असा नियमच केला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, मेल आला नाही तर कॉम्प्युटरवर कापड टाकू नका. एकेक पायरी तपासा.