चालत्या दप्तराची शाकारणी



पावसाळा तोंडावर आला म्हणजे गोव्यात व कोकणात घरोघर शाकारणी सुरू होते. कुटुंब घरातच नांदत असते. म्हणून जाणता कारागीर सारे छप्पर एकदम उघडीत नाही. एक ओळ उतरवितो, फुटकी कौले बदलतो, ती नीट बसली म्हणजेच पुढे सरकतो. निरनिराळ्या शहरांतील संगणक-केंद्रांत विभागून ठेवलेल्या माहितीसाठ्याची आवृत्ती बदलताना हाच विवेक लागतो.

उदाहरणार्थ, फेसबुकमध्ये निर्माण होऊन २००८ साली सर्वांसाठी खुली झालेली ‘कॅसँड्रा’ ही प्रणाली घ्यावी. तिची ४.० ही आवृत्ती २०२१ मध्ये व ५.० ही २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३.११ वरून थेट ५.० वर उडी घेता येत नाही, मधली ४.० किंवा ४.१ ची पायरी चढावीच लागते.

हिच्यात बहुधा प्रत्येक केंद्रात एकेका नोंदीच्या ३ प्रती तीन संगणकांवर असतात आणि त्यांपैकी २ संगणकांचा होकार मिळाला की व्यवहार पुरा होतो. एक संगणक बंद असला तरी काम चालते. त्याच प्रती राखणारा दुसराही बंद झाला, तर अडते. म्हणून एका वेळी एकच संगणक हाती घ्यावा. प्रथम त्याच्या स्मृतीतील नोंदी तबकडीवर उतरवाव्यात, साठ्याची प्रत काढावी, मग तो थांबवून नवी आवृत्ती चढवावी. तो पूर्ववत कामाला लागल्याची खात्री झाल्यावरच शेजारच्याकडे वळावे.

थांबलेल्या संगणकाच्या वाट्याच्या नोंदी त्याचे सोबती टिपून ठेवतात; परंतु मूळ नेमणुकीनुसार केवळ ३ तास. त्याहून विलंब झाल्यास प्रतींचा मेळ पुन्हा घालावा लागतो, आणि जुनी व नवी आवृत्ती एकत्र नांदत असताना ते काम हाती घेऊ नये, असा दंडक आहे. याच काळात तक्त्यांची रचना बदलणे किंवा नवे संगणक जोडणेही वर्ज्य होय.

एक केंद्र पूर्ण करून काही दिवस निरखावे, मगच दुसऱ्यास हात घालावा. सर्वत्र नवी आवृत्ती आल्यावर जुन्या धारिका नव्या स्वरूपात लिहून घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट परतीच्या वाटेची. नव्या आवृत्तीने लिहिलेल्या धारिका जुनीला बहुधा वाचता येत नाहीत; आधी काढलेली प्रत नसेल, तर त्या संगणकाला मागे फिरणे दुष्कर होते. यास्तव कोणत्या लक्षणावर काम थांबवावयाचे आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा, हे आरंभापूर्वीच कागदावर असावे व चाचणीच्या संगणकांवर त्याची रंगीत तालीम व्हावी.

खिडकीपाशी दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला वरची कौले बदलली जात आहेत, याची जाणीवही होऊ नये. या कामाच्या यशाची हीच खरी खूण होय.