कवंदीची उलटी बाजू



आपल्या घरातील जुन्या वस्तूंमध्ये गोधडीइतका मुका इतिहास दुसऱ्या कोणत्याही वस्तूने जपला नसेल. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मुलींचे परकर ही वस्त्रे जीर्ण झाली म्हणजे ती एकावर एक अंथरावयाची, त्यांवर धावदोरा घालावयाचा आणि येणाऱ्या थंडीची तजवीज करावयाची, हा आपल्याकडचा पिढ्यानपिढ्यांचा क्रम. कोणी हिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ. नाव कोणतेही असो, ती विकत आणावयाची वस्तू आहे, असे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नसे. म्हणून गोधड्यांचे दुकान म्हटले की प्रथम थोडे नवलच वाटते.

असे एक दुकान आम्हां शिक्षकांच्या सहलीत पाहावयास मिळाले. बेळगावहून खानापूरमार्गे हल्याळकडे निघाले म्हणजे ऊसमळे मागे पडतात आणि साग व बांबू यांचे रान सुरू होते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. जे तेथून निसटले त्यांनी सह्याद्रीच्या या अरण्यात आश्रय घेतला. आज त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आम्हां कॅथलिकांचे धर्मबंधूही आहेत. त्यांच्या घरची बोली कोकणीच्या वळणाची असल्याने आपल्या कानांना ती परकी वाटत नाही. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.

त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. रस्त्यालगतच्या त्या लहानशा दुकानात दोरीवर सात-आठ कवंद्या टांगलेल्या होत्या. आपल्या गोधडीत जुनी वस्त्रे अखंड अंथरली जातात. कवंदीत तसे नाही. खाली बहुधा एक जुनी साडी असते आणि तिच्यावर लहानमोठे तुकडे, कडा दुमडून, एकाला लागून एक बसविले जातात. शिवण कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत पोहोचते. आधी काढलेला नकाशा नाही, मापाची पट्टी नाही. रंग कोठे कोणता यावा, हे शिवणारीचा हात ठरवितो. ख्रिस्ती घरच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, तर मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. धर्म निरनिराळे असले तरी टाका मात्र एकच! चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोणी फूल असते. ते नसेल तर कवंदी उघडी राहिली, असे या बायका मानतात.

आमच्यातील एका बाईंनी किंमत विचारली आणि ती ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, एवढे पैसे? जुन्या चिंध्याच तर आहेत!" दुकानात आपली कवंदी देण्यासाठी आलेली एक वयस्क सिद्दी बाई उभी होती. तिने वाद घातला नाही. कवंदी दोरीवरून उतरविली, जमिनीवर पसरली आणि उलटी केली. "बाई, हे पाहा," एवढेच ती बोलली.

उलट्या बाजूला तुकड्यांची रंगसंगती नव्हती. तेथे होते फक्त टाके. मी गणित शिकविते. मोजण्याची सवय जात नाही. एका फुटात सुमारे ४० टाके होते आणि दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर होते. कवंदी ६ फूट लांब व ४ फूट रुंद. म्हणजे एकूण टाके पंधरा हजारांहून अधिक झाले! घरकाम आणि शेतमजुरी उरकून जो वेळ उरेल, त्यात घातलेले हे टाके. चिंध्यांची किंमत काही नसेलही. परंतु आम्ही पैसे चिंध्यांचे देणार होतो, की या टाक्यांचे?

अमेरिकेतील कलाभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांनी या कलेचा बारकाईने अभ्यास केला आणि २०११ साली न्यूयॉर्क येथे कवंद्यांचे प्रदर्शन भरले. सातासमुद्रापलीकडे जी वस्तू कला म्हणून भिंतीवर मांडली गेली, तीच आपल्या दाराशी आली की आपण तिचा भाव पाडू लागतो. हे काही भूषणावह नव्हे.

मी त्या बाईला विचारले, "तुमच्या मुली शिवतात काय?" ती म्हणाली, "लेक शाळेत जाते. शिवून पोट भरेल तर शिवील." या उत्तरावर मला बोलण्यासारखे काही नव्हते. परंपरा टिकावी, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. परंतु ज्या कामाचे मोल मिळत नाही, ते काम एखाद्या मुलीने केवळ आपल्या कौतुकाखातर करीत राहावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? ती शाळेत जाते हे योग्यच आहे. शाळेत शिकूनही तिला सुई हाती घ्यावीशी वाटेल, एवढा मोबदला त्या सुईला मिळाला पाहिजे. तो देणे मात्र सर्वस्वी आपल्या, विकत घेणाऱ्यांच्या, हाती आहे.

आमच्या बाईंनी ती कवंदी सांगितलेल्या किमतीला घेतली. आपणही कधी त्या रस्त्याने गेलात आणि अशी दोरी दृष्टीस पडली, तर जरूर थांबा. रंग पाहा, कोपऱ्यांवरची फुले पाहा. परंतु भाव करण्यापूर्वी कवंदी एकदा उलटी करून पाहावी, एवढीच आपणांस विनंती.