धुराविना सुवास

(मंडळाच्या महिला शाखेच्या श्रावणातील हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघी जावा. एकीनं बोलायचं आणि दुसरीनं चुका काढायच्या, असं ठरवून आलो आहोत. तेव्हा 'आम्ही' म्हटलं की दोघींनाही जबाबदार धरा. पत्रिकेत विषय 'घरच्या घरी सुगंधी फवारे' असा छापलाय, पण खरं सांगायचं तर आम्ही या विषयाकडे वळलो ते सासूबाईंच्या दम्यामुळे.

गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात, पुढच्या एका खोलीत 22 माणसं होती. पाऊस होता म्हणून खिडक्या बंद. गणपतीपुढे उदबत्त्या, शेजारी धुपाटणं, आरतीचा कापूर. शिवाय न्हाणीघराकडून वास येतो म्हणून प्लगला लावलेली सुवासिक बाटली, आणि पाहुणे यायच्या आधी मारलेला स्प्रे. मंत्रपुष्पांजली चालू असतानाच सासूबाई भिंतीला टेकल्या. त्यांना श्वास घेता येईना. दोन रात्री रुग्णालयात काढल्या. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं तेव्हा त्या वाड्यात नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं एकही विसर्जन चुकलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय काय लावता?" आम्ही बोटांवर मोजायला लागलो आणि मध्येच गप्प झालो.

घरी आल्यावर पहिली ती प्लगची बाटली काढली. चार दिवसांत न्हाणीघराचा वास पुन्हा सुरू झाला. शोधत गेलो तर गोष्ट एवढीशी निघाली. पाहुण्यांचं न्हाणीघर एरवी वापरात नसतं. तिथल्या मोरीच्या जाळीखाली वळणात थोडं पाणी साठून राहतं, आणि तेच गटाराची हवा अडवून धरतं. ते पाणी आटलं होतं. एक तांब्या पाणी ओतलं आणि वास बंद! म्हणजे तांब्याभर पाण्याचं काम आम्ही चार महिने विकतच्या बाटलीकडून करून घेत होतो, आणि तेही होत नव्हतं. वास आहे तिथेच राहतो, आपण त्यावर फक्त दुसरा वास पसरतो.

वास मारण्याची थोडी विद्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. मासळीला लिंबू किंवा कोकम लावतात ते चवीसाठी तर खरंच, पण त्या आंबटपणानं मासळीचा उग्र दर्पही मोडतो. नासलेल्या दुधाचा वास मुळातच आंबट, त्याला उलट खाण्याचा सोडा लागतो. फ्रीजमध्ये उघड्या वाटीत दोन-तीन चमचे सोडा ठेवावा आणि महिन्यानं बदलावा. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून 'दुप्पट गुणकारी' म्हणून ठेवणाऱ्या बऱ्याच जणी भेटल्या. एकत्र केले की दोघं फसफसून एकमेकांनाच संपवतात. फेस पाहून बरं वाटतं, एवढंच.

आता फवाऱ्याची फजिती. बाटलीभर पाण्यात लवेंडरच्या तेलाचे 20 थेंब टाकले आणि फवारलं. आधी नुसतं पाणी आलं, आणि बाटली तळाला गेल्यावर शेवटी सगळं तेल आलं, ते थेट धाकटीच्या पैठणीवर. (ती धाकटी आत्ता बोलतेय. डाग अजून आहे.) तेल पाण्यात विरघळत नाही हे शाळेत शिकलो होतो, तरी साडी गेल्यावरच पटलं. ते विरघळवायला स्पिरिट लागतं, आणि स्पिरिट पेट घेतं. ज्या दिवसांत घरात समई आणि निरांजन सतत तेवत असतात, त्या दिवसांत असली बाटली देवघराजवळ नकोच. आम्ही फवाऱ्याचा नाद सोडला.

त्याऐवजी केल्या पुरचुंड्या. दिवाळीचं उटणं उरतंच, नाही का? त्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गवला कचोरा असतो. म्हणजे सुगंधाचं अर्धं दुकान घरातच आहे. त्यात थोडी वेखंडाची पूड आणि दोन-चार कुटलेल्या लवंगा घालायच्या. कापड म्हणाल तर विरलेली चंदेरी. चंदेरी आपल्या बाजूचीच, जुन्या ट्रंकांमधून एखादी निघतेच. विणीतून वास बाहेर येतो आणि पूड आत राहते. भाद्रपदातल्या दमट हवेत कपाटाला कुबट वास धरतो, तिथे या पुरचुंड्या ठेवाव्यात. पण आधी कपाट रिकामं करून, पुसून, ऊन पडेल त्या दिवशी उघडं ठेवावं. बुरशीवर सुगंध ठेवून बुरशी जात नाही. उत्सवातल्या झेंडू-गुलाबाच्या पाकळ्याही घालता येतात, मात्र त्या हातात चुरचुरेपर्यंत वाळवून. ओलसर घातल्या तर आठवड्यात पुरचुंडीच कुजते. आमची पहिली खेप तशीच गेली.

कापराबद्दल आया आणि आज्यांनी नीट ऐका. कपाटात कापराच्या वड्या सुट्या ठेवू नका. लहान मुलाला ती खडीसाखर वाटते, आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात. निलगिरीच्या तेलाचंही तेच, बाटली वरच्या फळीवर हवी. डांबरगोळ्या म्हणजे कापूर नव्हे, आणि त्यासुद्धा मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. उदबत्तीतला धूर चंदनाचा असला तरी धूरच. सासूबाईंना तर संत्र्याच्या तेलानंही खोकला आला. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांनी एकेक गोष्ट वेगवेगळी करून पाहावी, खिडकी उघडी ठेवून, आणि त्रास झाला की लगेच बंद करावी.

राहिला धूप. यावरून घरात वाद झाला, लपवत नाही. भाऊजी म्हणाले, "धुपाशिवाय पूजा कसली?" आम्ही सुना काय बोलणार? बोलल्या त्या सासूबाईच. "षोडशोपचारात धूप आहे, पण खोलीत कोंडून घ्या असं कुठं सांगितलंय?" मग त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. आपल्या ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, दुपारी दारांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि मुलांनी त्यांच्यावर पाणी शिंपडायचं. लू त्यातून आत येताना गार होऊन यायची, आणि सगळ्या घराला ओल्या मातीसारखा वास यायचा. पाणी शिंपडायची पाळी कुणाची यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. "तो वास मला कधी बाधला नाही," त्या म्हणाल्या.

वाळ्याचा गारवा कोरड्या हवेतला. भाद्रपदात ताटी लावून घर गार होणार नाही, उलट ओल वाढेल. पण वासाला थोडंसं पाणी पुरतं. आम्ही वाळ्याची एक जुडी धुऊन तांब्याच्या पसरट भांड्यात, मुळं बुडतील एवढ्याच पाण्यात ठेवली. कूलरसाठी मिळतो तो वाळा कूलरलाच, पिण्याच्या माठात टाकायचा पंसाऱ्याकडून वेगळा आणावा. पाणी रोज बदलायचं, कारण हे दिवस डासांचे. मुळं सावलीत सुकवली की पुन्हा भिजवता येतात. महिनाभर आम्ही हे भांडं सासूबाईंच्या खोलीत ठेवून पाहिलं. त्यांना त्रास झाला नाही, तेव्हाच ते देवघरात आलं.

यंदा असं ठरलंय: आत समई, निरांजन आणि वाळ्याचं भांडं. धूप अंगणात तुळशीपाशी. आरतीला कापराची एकच वडी, तीही ओसरीवर, आणि पाऊस असला तरी मागची खिडकी उघडी. भाऊजींनी खिडकीवर पत्र्याची झड बसवून घेतलीय, न सांगता.

पुरचुंड्या बाहेर टेबलावर आहेत, घरटी एक घ्या. वाळाही ठेवलाय, हुंगून पाहा. आणि विसर्जनाच्या दिवशी या. सासूबाई दारातच बसलेल्या असतील.