अपराधशास्त्राचा विद्यार्थी

गुन्हेगारीचे शिक्षण विद्यापीठात मिळते असे म्हटले, की ऐकणारा हसतो. ते बाहेरच अधिक स्वस्त मिळते, असा त्याचा समज असतो! परंतु तरुणांमधील समाजकार्य आणि फौजदारी न्याय यांची सांगड घालणारे शिक्षण आपल्याकडेही आहे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या विद्यालयात अपराधशास्त्रालाही स्थान मिळाले.

श्रोतेहो, या विद्यार्थ्याला कायदा तर शिकावाच लागतो. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे येते. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत निदान एक स्त्री हवी. मुलगा मंडळापुढे प्रथम आला, की पंधरा दिवसांत त्याच्या परिस्थितीची चौकशी करून अहवाल द्यावयाचा असतो. त्याने काय केले, हे पोलिसांच्या कागदांत लिहिलेले असते. तो कोण आहे, हे मात्र या अहवालातून कळावयाचे. बापाचा रोजगार केव्हा सुटला, शाळेची हजेरी कोणत्या महिन्यापासून कोरी आहे, पोर रात्री निजते कोठे, हे त्या वस्तीत जाऊन विचारल्यावाचून समजत नाही. कंटाळलेल्या अधिकाऱ्याने 'वाईट संगत' एवढ्या दोन शब्दांवर काम भागवले, तर मुलाची पुढील वर्षे त्या दोन शब्दांवर तोलली जातात. सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालावा काय, येथपर्यंत हा विचार जातो.

पण अपराध्यावर विश्वास किती टाकावा, हे पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी जयपूरला जावे. शहराच्या दक्षिणेस सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांशेजारी तेथे महाविद्यालयेही आहेत. तेथून जवळच, कापडावरील छपाईसाठी नावाजलेल्या सांगानेरात, १९६३ पासून संपूर्णानंद खुले बंदी शिबिर आहे. शिक्षेचा ठरावीक भाग तुरुंगात काढलेले, चांगल्या वर्तनाचे कैदी येथे बायकामुलांसह राहतात. दिवसा बाहेर कामास जातात, आपल्या कमाईवर घर चालवतात आणि सायंकाळी हजेरीला परततात. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेली माणसेही त्यांत आहेत. हे सारे प्रौढ आहेत, हे खरे; परंतु त्यांना दिलेला विश्वास चौदा वर्षांच्या पोराला का नाकारावा, हा प्रश्न सीतापुऱ्याच्या विद्यार्थ्याला हाकेच्या अंतरावर भेटतो.

मराठी श्रोत्यांना हा प्रयोग अगदीच परका वाटू नये. औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, १९३९ साली कैद्यांची अशीच मोकळी वसाहत सुरू झाली होती. शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला तिचाच आधार. बहुतेकांना तो चित्रपट आठवतो, स्वतंत्रपूर आठवत नाही. तेथेही बंदी कुटुंबासह राहून शेती करीत आले आहेत.