दवाखान्याचा कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी, पाली येथे दिलेले भाषण)



सणाच्या दिवशी दवाखान्याचे नाव काढू नये, असे आमच्या सासूबाई म्हणत. पण कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की आपल्यातल्या निम्म्याजणी ऊसतोडीला जातील आणि मग एवढ्या जणी एका सतरंजीवर पुन्हा बसणार नाहीत. म्हणून आजच बोलते.

आपल्याच मराठवाड्यातली हकीकत आहे. १० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई नावाची बाई औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. १३ तारखेला तेथेच मूल बंद होण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप चढला, पोट फुगले, कळा थांबेनात. १९ तारखेला पुन्हा पोट उघडले, तेव्हा आत रक्त टिपायचा टॉवेल राहिलेला निघाला. भोवती पू झालेला. २४ जुलैला ती बिचारी गेली.

तिचे पती अच्युतराव खोडवा यांनी सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये देवविले, हायकोर्टाने तो निकाल फिरवला आणि सुप्रीम कोर्टाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी तो पुन्हा कायम केला. बाई जाऊन साडेबत्तीस वर्षे झाली होती! त्या ३६,००० ची किंमत तोवर काय उरली असेल, हे हिशेब ठेवणाऱ्या बायकांना मी सांगायला नको. परंतु कोर्टाने एक गोष्ट पक्की केली. पोटात टॉवेल राहतो, ही निष्काळजी आहे हे निराळे सिद्ध करावे लागत नाही. नोकराच्या चुकीची भरपाई मालकाने, म्हणजे इथे सरकारने, द्यायची.

आता कोणी असे समजू नये की रोगी दगावला म्हणजे डॉक्टर गुन्हेगार. नीट उपचार करूनही माणूस जाते. कायदा एवढेच पाहतो की त्या विद्येच्या माणसाने जी काळजी घ्यावयाची, ती घेतली की नाही.

चंद्रिकाबाईच्या वेळी टॉवेल सापडला. तो साक्षीला उभा राहिला. आपल्याकडच्या बाईची मात्र पिशवीच काढून टाकलेली असते. तिची साक्ष कोण देणार?

२०१९ साली नीलमताई गोऱ्हे यांच्या समितीसाठी आपल्या बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहाजणींत जवळजवळ एक. पाळीचा त्रास, खाड्याचे पैसे कापण्याची भीती, फेडायची उचल आणि वर कोणीतरी घातलेले कॅन्सरचे भय; एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की बाई टेबलावर जाऊन निजते.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचे असेच झाले. वय एकोणतीस. दवाखान्याचे नाव घेत नाही. अंगावर पांढरे जात होते, एवढीच तक्रार. पिशवी काढली, पुढे कंबर धरली, हाडे दुखू लागली. कशासाठी काढली, हे विचारायला मी कागद शोधले, तर उशीखालून एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर पैशाचा आकडा आणि पुढे “मिळाले”. काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल नाही, सोनोग्राफी नाही, संमतीची नक्कल नाही. मी गेले तोवर तीन वर्षे उलटली होती. मला लिहितावाचता येत असून मी आधी विचारले नाही, हे मला अजून लागते.

संमतीवरून आठवले. दिल्लीत एका बाईने दुर्बिणीने तपासण्यापुरती संमती दिली होती. ती गुंगीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिची पिशवी काढली. १६ जानेवारी २००८ रोजी सुप्रीम कोर्ट म्हणाले, बाई जाणती आहे, जिवाला लगेच धोका नाही, तर संमती तिचीच पाहिजे; आईची चालत नाही. डॉक्टरची फी बुडाली आणि वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, आपली उचल तिच्याहून मोठी असते. पण आईची सही जिथे चालली नाही, तिथे नवऱ्याची किंवा मुकादमाची कशी चालेल?

कागद लेखी मागितला तर दवाखान्याने ७२ तासांत द्यावयाचा असतो. अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर पोच घ्यावी. पैसे भरून घेतलेला उपचार असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली तसे ठरवले. आपला आयोग बीडला आहे, मुदत दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफी देऊ शकतो. सगळ्यांनाच जेथे फुकट उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र खोडवांसारखा दिवाणी दावाच करावा लागतो. वकील कसा परवडणार, असे कोणी म्हणेल. बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यांचे कार्यालय बीडच्या कोर्टातच आहे.

चहा झाल्यावर मी त्या कोपऱ्यात कार्बन आणि कोरे कागद घेऊन बसते आहे. ज्यांनी घरचे दवाखान्याचे कागद बरोबर आणले आहेत, त्यांनी आधी या. ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांचा अर्ज मी लिहून देते. फक्त दवाखान्याचे नाव आणि तारीख आठवून ठेवा.