गाडीच्या पोटाखाली



विषय काय घेणार असं या मालिकेच्या संयोजकांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, लढाईवर बोलणारे निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत, मी गाडीवर बोलतो. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण खरं सांगतो, डेहराडूनला स्थायिक झाल्यापासून माझ्याकडे लढाईबद्दल विचारायला फारसं कुणी आलेलं नाही. तरुण मुलं येतात ती एकच प्रश्न घेऊन. "कर्नलसाहेब, थार घेऊ की जिम्नी?"

मी त्यांना उलट विचारतो, गाडीखाली झोपायची तयारी आहे का? बहुतेकांना हा विनोद वाटतो. फोर-बाय-फोर गाडी घ्यायला पैसे लागतात आणि बँक ते देते. ती पाचव्या पावसाळ्यातही फोर-बाय-फोर राहावी यासाठी जे लागतं ते कोणतीच बँक देत नाही. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. कुठली गाडी घ्यावी हे मी सांगणार नाही, तेव्हा त्या आशेने बसलेल्यांनी चहाला जायला हरकत नाही.

माझी गाडी जिप्सी. 2004 साली कॅन्टीनमधून घेतलेली, 1298 सीसीचं पेट्रोल इंजिन, वर कापडी हूड. जिप्सी भारतात आली 1985 च्या डिसेंबरात, तेव्हा तिचं इंजिन होतं 970 सीसीचं. आम्ही कमिशन मिळून युनिटमध्ये आलो तेव्हा अधिकाऱ्याची गाडी म्हणजे जोंगा. जबलपूरच्या कारखान्यात बनणारी, जवळजवळ चार लिटरचं इंजिन, पेट्रोल अशी प्यायची की मोटार ट्रान्सपोर्टचा हवालदार हिशेब लिहिताना उसासे टाकायचा. जोंगानंतर जिप्सी हातात आली तेव्हा आमच्या एका सीनियरने तिला खेळणं म्हटलं होतं. वजन एक टनाच्या आतबाहेर. पण चिखलात जोंगा स्वतःच्या वजनाने बसायची आणि हे खेळणं वरून निघून जायचं. चार जवान उचलून बाजूला ठेवू शकतील अशी गाडी डोंगरात मोलाची असते.

सैन्यात गाडीच्या देखभालीची एक जुनी रीत आहे. दिवसातून तीन वेळा तपासणी. निघण्यापूर्वी फर्स्ट पॅरेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट पॅरेड, परतल्यावर लास्ट पॅरेड. नावं इंग्रजांच्या काळातली. फर्स्ट पॅरेडला ऑइल, पाणी, बॅटरी, टायर. हे तुम्हीही करत असाल, निदान करायला हवं हे माहीत असेल. हॉल्ट पॅरेड मात्र नागरी जीवनात कुणीच करत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची.

माझा पहिला ड्रायव्हर गढवाली होता, आम्ही सगळे त्याला उस्ताद म्हणायचो. गाडी थांबली की हा उतरून आधी चारही चाकांच्या मध्यभागी, हबवर, तळहात ठेवायचा. चहा नंतर. एक हब बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथलं बेअरिंग तरी जातंय, नाहीतर ब्रेक घासतोय. मग टायरवर हात. एक टायर जास्त गरम, म्हणजे त्यात हवा कमी. अर्ध्या मिनिटाचं काम, हत्यार काही लागत नाही. आजही मसुरीहून उतरलो की मी हे करतो आणि पर्यटक बघत राहतात, हा म्हातारा चाकाला आशीर्वाद देतोय की काय. घाट उतरून आल्यावर हबला बेताने हात लावा बरं का, भाजेल.

आता गाडीच्या पोटाखाली जाऊ. फोर-बाय-फोर गाडीत साध्या गाडीपेक्षा जे जास्त असतं ते सगळं खाली असतं आणि दिसत नाही. जिप्सीच्या गिअरबॉक्समागे ट्रान्स्फर केस. तिथून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये एकेक डिफरन्शिअल. पुढच्या चाकांवर माझ्या गाडीला हाताने फिरवायचे फ्रीव्हील हब आहेत. ते उघडे असले की पुढची चाकं मोकळी फिरतात, पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शिअल शांत उभे. पेट्रोल थोडं वाचतं, झीज कमी होते. आणि इथेच गोची आहे. जे फिरत नाही त्याला तेल मिळत नाही. डिफरन्शिअलमधलं ऑइल तळाशी बसतं, वरचे सील कोरडे पडतात, हबमधलं ग्रीस घट्ट होतं, दांडा अडकतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची देखणी गाडी तीन वर्षं शहरात फिरली. फोर-व्हीलची गरज पडली ती चक्राताच्या रस्त्यावर बर्फात. दांडा हललाच नाही.

म्हणून महिन्यातून एका रविवारी सकाळी मी हब लॉक करून नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फोर-हायमध्ये जातो, मग थोडं फोर-लोमध्ये. कच्च्याच रस्त्यावर, हे लक्षात ठेवा. जिप्सीसारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीवर तो फरक चाक थोडं घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, दांडा निघता निघत नाही. पाऊस नाही, चिखल नाही, आणि हायवेवर मिरवायला फोर-हाय टाकून चाललेल्या गाड्या दिसल्या की मला त्या गाडीची दया येते.

पाण्यातून गेल्यावर काय करायचं, तर दोन गोष्टी. ब्रेक पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जायचं, म्हणजे ड्रम सुकतात. आणि त्याच आठवड्यात डिफरन्शिअलचा ड्रेन प्लग किंचित सैल करून ऑइल बघायचं. स्वच्छ असेल तर ठीक. चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पाणी जातं कसं? चालून चालून अ‍ॅक्सल तापलेला असतो, थंडगार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठीच वर एक छोटा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला असेल तर अ‍ॅक्सल सीलमधून पाणी ओढतो. करंगळीएवढ्या त्या ब्रीदरपायी लोकांचे पूर्ण डिफरन्शिअल गेलेले मी पाहिलेत. त्यावर एक रबरी नळी चढवून ती वर बोनेटखाली नेऊन बांधली की काम झालं.

जिप्सीवाल्यांची दुसरी तक्रार म्हणजे साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग थडथड हलायला लागतं. मिस्त्री स्टिअरिंग डँपर बदलून देतो, महिनाभर बरं वाटतं. डँपर फक्त लक्षण झाकतो. आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग व्हील बेअरिंग, मग किंगपिनची बेअरिंगं बघायला हवीत. मी एकदा दिल्लीला काश्मिरी गेटच्या बाजारातून किंगपिनचा सेट आणला. डबी अस्सल, बिल पक्कं, आत माल नकली. तीन हजार किलोमीटरही टिकला नाही. तेव्हापासून बेअरिंग घेताना डबी उघडून, बेअरिंग हातात फिरवून, त्यावरचं कोरीव अक्षर वाचून घेतो. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

जास्तीच्या सामानाबद्दल फार बोलत नाही. पुढे लोखंडी गार्ड लावू नका, 2017 मध्ये केंद्राने ते बेकायदा असल्याचं स्पष्ट केलंय, आणि समोर आलेल्या माणसाचं ते हाड मोडतं. पैसे टायरवर घाला. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, रबर म्हातारं झालं की ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. थांबताना साध्या मोटारीसारखेच ब्रेक आणि तेवढेच चार टायर.

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. रात्री अकराला आमच्या दूधवाल्याचा भाऊ दारात. मालदेवताच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव आहे. घरात सून अडलेली, 108 ची रुग्णवाहिका आली होती पण मध्ये नाल्याला पूर, ती अलीकडेच उभी. गाडी घेऊन चला म्हणाला. लास्ट पॅरेड झालेली होती, टाकी भरलेली, पाच मिनिटांत निघालो. आमच्या सौ.नी मागून टॉर्च आणि रेनकोट टाकला. एरवी त्या गाडीत बसत नाहीत. "अहो, त्या पाट्यांनी माझी पाठ गेली," असं त्यांचं कायमचं म्हणणं आहे.

नाल्यावर पोहोचलो. उतरलो, काठी घेऊन काठाकाठाने पाहिलं. कडेलाच पाणी मांडीपर्यंत. पण मी थांबलो ते खोलीमुळे नव्हे, आवाजामुळे. तळातून दगड घरंगळत असले की एक दबका, खोल आवाज येतो. तो येत असेल तर खालचा रस्ता जागेवर आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय हिशेब करा. जिप्सीचा तळ साधारण चार चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की गाडी चारशे किलोने हलकी होते. पंचवीस सेंटिमीटर चढलं की एक टनाच्या गाडीचं चाकांवर काही उरतच नाही. आत पाणी शिरून ती पुन्हा जड होईपर्यंत प्रवाहाने तिला नेलेली असते. ज्या हलकेपणासाठी मी इतकी वर्षं जिप्सीचं कौतुक केलं, तोच इथे वैरी.

मी म्हटलं, जाणार नाही. तो मुलगा मला काय काय बोलला. एवढी मिलिटरीची गाडी कशाला ठेवलीय, असंही म्हणाला. बरोबर होतं त्याचं, पलीकडे त्याची वहिनी कळा देत होती. रुग्णवाहिकेतल्या ताईंनी फोनवरून तिथल्या आशाताईंना काय करायचं ते सांगत ठेवलं. मी पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी टॉर्च मारत राहिलो. एकच्या सुमाराला वरचा पाऊस थांबला. तीनला दगड पाण्यापासून वीतभर लांब. साडेचारला तळाचा आवाज बंद झाला होता आणि काठीला पाणी गुडघ्याखाली लागलं. मी आधी पायी पलीकडे जाऊन आलो, मग हब लॉक, फोर-लो, दुसरा गिअर, क्लचला हात न लावता – म्हणजे पाय न लावता – एका दमात पार. तिला घेऊन परत. मुलगी झाली, दून हॉस्पिटलमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास. त्या मुलाने मला नंतर कधी काही म्हटलं नाही. दूध मात्र महिनाभर घट्ट येत होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. 2022 च्या एप्रिलपासून मोटारीची त्यासाठीची फी सहाशेवरून पाच हजार झाली. मी 2019 ला केली, 2024 ला पुन्हा. दिल्लीला मी ती नेत नाही, तिथे जुन्या गाड्यांचे नियम वेगळे. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल शोषतं आणि जुन्या रबराला खातं. जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्या आणि टाकी अर्धी ठेवून महिनाभर उभी करू नका.

जिप्सी नागरी बाजारातून 2019 च्या आसपास गेली, तरी सुटे भाग मिळतात, कारण लष्कराकडे ती हजारोंनी होती. माझा मुलगा बंगळुरूहून फोन करतो, बाबा, विका आता. गुडघे दुखतात हे त्याला आईने सांगितलेलं असतं. मी म्हणतो, गाडीखाली शिरायला गुडघे लागत नाहीत, पाठ लागते. बाहेर यायला लागतात, ते मी त्याला सांगत नाही. सध्या खालच्या निपलमध्ये ग्रीस भरायला शेजारचा अकरावीतला मुलगा येतो. त्याला किंगपिन म्हणजे काय हे माहीत आहे, आणि त्याच्या वडिलांच्या नव्या एसयूव्हीला फोर-लो नाही हेही त्याने त्यांना सांगितलंय. घरात थोडा तणाव आहे.

गाडी खाली अंगणात उभी आहे. ज्यांना हब कसा लॉक करतात आणि ब्रीदर कुठे असतो ते पाहायचंय, त्यांनी या. पांढरा शर्ट असेल त्याने लांबून बघावं.